भय्यासाहेबांच्या रायफलीची प्रकृती

रत्नाकर दाणी वीस वर्षं कारखान्यात तोफा तपासतात, असा जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या त्यांच्या गल्लीचा ठाम समज होता. खरी गोष्ट अशी, की दाणी तोफेच्या गाड्याची चाकं तपासत. पितळी हातोडीनं चाकाला ठोकायचं, कान लावायचा, आवाज भरीव आला तर पांढऱ्या खडूची खूण करायची, बोदा आला तर लाल रंगाचा पट्टा ओढायचा. खूण केलेल्या चाकावर पुढे कोणती तोफ चढते, ती कुठे जाते आणि कुणावर उडते, हे दाण्यांना कधी कुणी कळवलं नव्हतं. पण वीस वर्षांत संशय असलेलं एकही चाक त्यांनी पुढे जाऊ दिलं नव्हतं, आणि याचा त्यांना फार अभिमान होता. गल्लीचा समज मात्र त्यांनी कधी खोडून काढला नाही. माणसाला घरात चहा मिळतो, गल्लीत मान मिळावा लागतो.

हा मान सन पासष्टच्या सप्टेंबरात त्यांच्या अंगाशी आला.

लढाई सुरू होऊन आठवडा झाला होता. घरोघरी खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटला होता, त्यामुळे दुपारी बारा वाजताही घरात दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. कारखान्याची पाळी पहाटे पाच ते दुपारी एक झाली होती. अशात कलेक्टर कचेरीतून फर्मान निघालं, की ज्यांच्याकडे परवान्याचं हत्यार असेल त्यांनी ते जाणकाराकडून तपासून घ्यावं आणि त्याच्या प्रकृतीचा दाखला शनिवारपर्यंत जमा करावा. दाखल्यात दोष निघाला, किंवा दाखलाच आला नाही, तर हत्यार ठाण्यात जमा होणार.

शेजारच्या हेमलताकाकूंनी सोमवारी निरोप धाडून दाण्यांना मंगळवारी बोलावून घेतलं. काकूंचे यजमान भय्यासाहेब मोघे आषाढात गेले होते. मागे राहिलं होतं एक तीन खोल्यांचं घर, एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक रायफल. सत्तेचाळीस साली देश सोडून निघालेल्या कुणा साहेबाकडून भय्यासाहेबांनी ती घेतली होती. घोड्याखाली एक कडीसारखा दांडा असलेली, दांडा खाली ओढून वर केला की गोळी भरली जाणारी. अठरा वर्षांत त्या रायफलीनं मेलं असं काही कुणाच्या ऐकिवात नव्हतं. भय्यासाहेब रोज दुपारी तीन वाजता ती मांडीवर घेऊन बसत, तेल लावत, आणि एकदा खट् करून ठेवून देत.

"रत्नाकर, तू चांगला दाखला देशील ना?" काकूंनी विचारलं.

"तपासून देईन काकू. जशी असेल तशी लिहीन."

"ठाण्यात नको जायला ती. बस, एवढंच पाहा." काकूंनी पदर सारखा केला. "हे आहेत तिच्यात."

दाण्यांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "कोण?"

"तुझे काका. काहून असा पाहून राहिला? रोज तीनला बोलतात. टक् करून. मी चहा टाकते मग."

घरात दूध आलं आहे म्हणून सांगावं, इतक्या साधेपणानं हे काकूंनी सांगितलं. दाण्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेतीन झाले होते. आपल्याला उद्या यायला जास्त सोयीचं पडेल असं त्यांना फार वाटलं, पण तोफा तपासणाऱ्या माणसाला तसं म्हणता येत नाही.

भय्यासाहेबांची खोली पश्चिमेला होती. काळ्या कागदाला एका कोपऱ्यात भोक पडलं होतं, तिथून एक बारीक तिरीप आत येऊन नेमकी भिंतीवरच्या रायफलीवर पडली होती. बाकी सगळा अंधार. खोलीत तेलाचा आणि कापराचा वास होता. दाण्यांनी रायफल खाली उतरवली आणि ती त्यांना जिवंत माणसाच्या हातासारखी कोमट लागली.

कारखान्यात शेजारच्या खात्यातल्या बापू मिस्त्रींनी रायफलीचं वर्णन ऐकून सकाळीच त्यांना तीन गोष्टी पढवल्या होत्या. पहिली, आधी रायफल खाली करून घ्यायची, म्हणजे आत गोळी नाही याची खात्री करायची. दुसरी, नळीत एका टोकाला पांढरा कागद धरून दुसरीकडून पाहायचं. आतले आटे चकचकीत दिसले तर ठीक, काळे डाग दिसले तर गंज. तिसरी गोष्ट बापूंनी बोट नाचवून सांगितली होती. या गोळीची दारू बुडाच्या मधोमध नसते, कडेच्या काठात असते, म्हणून घोडा काठावर ठोका मारतो. आत गोळी नसताना घोडा सोडला तर तो ठोका नळीच्या तोंडावर बसतो आणि तिथे खाच पडते. "म्हणून साहेब, खाली बंदूक का घोड़ा कभी नहीं छोड़ना."

दाण्यांनी दांडा तीनदा ओढला. काहीच बाहेर आलं नाही. नळी पाहिली, आटे स्वच्छ होते. मुख्य नळीच्या खालून एक बारीक नळी गेली होती, ती वरच्या नळीला आधार म्हणून असावी, असा चाकाच्या माणसाला शोभेल असा निष्कर्ष त्यांनी काढला. मग सवयीनं खिशातून पितळी हातोडी काढली, लाकडी दस्त्याला हलकेच ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "चाक ठीक आहे."

"काय ठीक आहे?" काकूंनी दारातून विचारलं.

"दस्ता. दस्ता ठीक आहे."

रायफलीच्या पेटीच्या झाकणात आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती. भय्यासाहेबांचं शिक्षण पुण्याला झालेलं, अक्षर मोत्यासारखं. लिहिलं होतं: 'पट्टा – पेटीत. तेल – बाटलीत. गोळ्या – नळी खाली.'

दाण्यांनी पाहिलं. पट्टा पेटीत होता. तेल बाटलीत होतं. गोळ्यांची नळी खाली होती, हे तर त्यांनी स्वतःच तीनदा दांडा ओढून पाहिलं होतं. व्यवस्थित माणूस, जाताना सगळं लिहून गेला. दाण्यांना गहिवरून आलं. त्यांनी रायफल खुंटीवर ठेवली आणि फॉर्मवर लिहिलं: 'रायफल खाली आहे. प्रकृती उत्तम.'

घड्याळानं तीनचे ठोके दिले. तिसरा ठोका विरला, आणि रायफलीच्या पोटातून आवाज आला.

टक्.

"आले," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

दाण्यांनी तो चहा घेतला नाही. घरी दूध नासलं आहे असं काहीतरी सांगून ते निघाले. दूध नासल्यावर पुरुषमाणसानं धावत जाऊन नेमकं काय करायचं असतं, हे काकूंनी विचारलं नाही ही त्यांची कृपा.

बुधवारी पाळी सुटताच दाण्यांनी कचेरी गाठली. तिथल्या बाबूला फॉर्म परत करायला दोन मिनिटं पुरली.

"नंबर कहाँ है? रायफल पे नंबर खुदा होता है. और गवाह की दस्तखत? आपने अकेले देखा, हमने मान लिया, ऐसा थोड़ी होता है, दाणीजी."

साक्षीदार म्हणून दाण्यांनी गल्लीचे वॉर्डन अच्युतराव यांना बरोबर घेतलं. अच्युतराव रेल्वेत पार्सल बाबू होते, पण लढाई लागल्यापासून त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि दंडावर पट्टी आली होती, आणि ते स्वयंपाकघरातून उजेडाची रेघ दिसली तरी शत्रूला रस्ता दाखवल्याबद्दल लोकांना झापत असत. खरं म्हणजे दाण्यांना साक्षीदारापेक्षा सोबत हवी होती.

भय्यासाहेबांच्या खोलीत दाणी वाकून नंबर उतरवत होते तोच अच्युतरावांनी त्यांच्या हातातून रायफल घेतली, अंगठ्यानं घोडा मागे ओढला, दाण्यांच्या कपाळाला नेम धरला आणि आनंदानं ओरडले, "हँड्स अप!" आणि घोडा सोडला.

खट्ट!

"अहो अच्युतराव!" दाणी खवळले. "खाली बंदुकीचा घोडा सोडत नसतात! नळीच्या तोंडाला खाच पडते! काही कळतं का?"

"खाली आहे म्हणूनच तर सोडला ना भाऊ. तूच लिहिलं, खाली आहे."

"ती खाली आहेच. पाहा." आणि दाण्यांनी दांडा ओढला.

दांड्याबरोबर रायफलीच्या पोटातून एक पितळी गोळी अलगद वर आली आणि तिरिपेत चमकत उभी राहिली.

हिशेब सोपा होता. अच्युतरावांनी आधी घोडा सोडला होता. सिनेमातल्यासारखा आधी दांडा ओढला असता आणि मग घोडा सोडला असता, तर त्या गोळीला जायला एकच वाट होती, आणि त्या वाटेवर दाण्यांचं कपाळ होतं. अच्युतराव मटकन पलंगावर बसले. शिट्टी तोंडात गेली असावी, कारण त्यांच्या प्रत्येक श्वासाबरोबर बारीक फुर्र वाजत होतं.

"काल खाली होती," दाणी पुटपुटले. "मी तीनदा पाहिली."

"मग ही कुणी भरली?"

काकू दारात उभ्या होत्या. "तुम्ही कपाळाला नेम धरला होता, अच्युतराव?" त्या म्हणाल्या. "ह्यांना नसतं आवडलं ते."

अच्युतरावांनी गोष्ट गल्लीत जाऊ देणार नाही अशी शपथ घेतली, त्यामुळे ती संध्याकाळपर्यंत शहराच्या टोकाला गढ्यालाही पोचली. सल्ले यायला लागले. कुणी म्हणालं रायफलीला लिंबू-मिरची बांधा. कुणी म्हणालं पिंडदानात काही राहिलं असेल. रेल्वेतल्या एका मित्रानं सांगितलं, की हवाई छत्रीतून उतरलेले शत्रूचे लोक घरोघरी बंदुका भरून ठेवताहेत. त्या लोकांनी आपल्या बंदुका आपल्यालाच भरून काहून द्याव्या, असं दाण्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, "यही तो चाल है!"

अच्युतरावांना हा शेवटचा विचार पटला. त्यांनी दाण्यांसमोर खोलीची झडती घेतली, रायफलीचा दांडा तीनदा ओढून पाहिला, खोलीला रेल्वेचं मोठं कुलूप ठोकलं आणि किल्ली जानव्याला बांधली. गुरुवारी तीनला दहा कमी असताना दाणी, अच्युतराव आणि काकू कुलपासमोर येऊन उभे राहिले. आत कुणी असणं शक्य नव्हतं. बाहेर रस्त्यावर एक कुल्फीवाला ओरडत गेला आणि त्या ओरडण्यानं सुद्धा दाण्यांनी अच्युतरावांचा दंड धरला. तीनचे ठोके पडले.

कुलपाच्या आतून, स्पष्ट: टक्.

अच्युतरावांनी किल्ली सोडवायची धडपड केली ती जानवं तुटल्यावरच थांबली. दार उघडलं. खोली रिकामी, तिरीप रायफलीवर. दाण्यांनी दांडा ओढला आणि दुसरी गोळी वर आली.

वॉर्डनसाहेबांना त्याच वेळी स्टेशनवर महत्त्वाचं पार्सल असल्याचं आठवलं.

राहता राहिले दाणी. त्यांच्यापुढे आता साधा प्रश्न नव्हता. बंद खोलीत आपोआप भरणाऱ्या रायफलीला 'उत्तम' लिहायचं, तर वीस वर्षांचं नाव मातीत. दोष लिहायचा, तर ती ठाण्यात जाणार आणि काकू दुपारी तीनला एकट्या बसणार. त्यातून तो दोष लिहायचा कोणत्या शब्दांत? रात्री जेवताना त्यांनी भातात दोनदा मीठ घातलं आणि तक्रार केली नाही. सुनेत्राबाईंनी तेव्हाच ओळखलं, की नवरा कसल्या तरी फार मोठ्या संकटात आहे.

शुक्रवारी दाणी कारखान्यातून आले तर सुनेत्राबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या तळहातावर दोन गोळ्या होत्या. "धुवायच्या सदऱ्यात सापडल्या," त्या म्हणाल्या. "आता सगळं सांगा. पहिल्यापासून."

दाण्यांनी सगळं सांगितलं. बंद कुलूप सांगितलं, कपाळ सांगितलं, आणि शेवटी भय्यासाहेबांची चिठ्ठी सुद्धा म्हणून दाखवली, की बघ, बिचाऱ्यानं स्वतः लिहून ठेवलंय.

"गोळ्या नळीखाली आहेत, असं लिहिलंय ना त्यांनी?" सुनेत्राबाई म्हणाल्या.

"हो ना. नळी खाली आहे."

"नळी खाली नाही हो! नळीच्या खाली! पट्टा कुठे, तर पेटीत. तेल कुठे, तर बाटलीत. गोळ्या कुठे?"

दाण्यांनी चिठ्ठीचे शब्द पुन्हा एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले.

इथे परगावच्या वाचकांसाठी थोडं थांबायला हवं. जबलपूरच्या मराठी घरांत जे रिकामं असतं ते 'खाली' असतं, आणि जे तळाशी असतं ते 'खाल्ते' असतं. सुनेत्राबाई साताऱ्याच्या. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच सकाळी सासूबाई म्हणाल्या, "साखरेचा डबा खाली आहे," आणि या नव्या नवरीनं पाऊण तास फळीखाली, पलंगाखाली, शेवटी जिन्याखाली वाकून डबा शोधला होता. वीस वर्षं गल्ली त्यावर हसली. भय्यासाहेब पुण्याला शिकले होते. बोलायचे जबलपूरचं, पण लिहायला बसले की पुण्याचं लिहायचे.

दोघं तडक काकूंकडे गेली. रायफलीच्या खालच्या बारीक नळीच्या टोकाला एक बोंडी होती. सुनेत्राबाईंनी ती फिरवून ओढली, तर आतून एक पितळी कांडी सरसर बाहेर आली, आणि रायफल उलटी धरून हलवताच तेलानं माखलेल्या गोळ्या एकामागून एक टेबलावर घरंगळल्या. दहा होत्या. आधीच्या दोन धरून बारा.

दाण्यांच्या जिवात जीव आला, आणि जिवाबरोबर वाचाही आली. एखादी गोष्ट समजली की ती दुसऱ्याला समजावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी गोळ्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि काकूंना जवळ बसवलं.

"हे बघा काकू. ह्या नळीत मागून स्प्रिंग ढकलते. पण काकांनी तेल किती घातलं! अठरा वर्षांचं तेल वाळून गोंदासारखं झालं, गोळ्या चिकटल्या. म्हणून मी दांडा ओढला तेव्हा काही आलं नाही. आता आठ दिवसांपूर्वी काचेला काळा कागद लागला, खोली भट्टीसारखी तापायला लागली. तीन वाजता ऊन नेमकं रायफलीवर येतं, तेल पातळ होतं, आणि एक गोळी सुटून पुढे सरकते. टक्!"

काकू शहाण्या मुलीसारख्या ऐकत होत्या. "मग सगळ्या एकदम काहून नाही सरकत?"

"वा! फार चांगलं विचारलं. पुढे एकाच गोळीला जागा आहे. ती येऊन बसली की वाट बंद. दांडा ओढून ती काढली तरच दुसरी येणार."

"म्हणजे कुणी दांडा ओढलाच नाही, तर?"

"तर एकच टक्. त्यापुढे महिना ठेवा की वर्ष ठेवा, आवाज नाही."

"आणि मंगळवारी तू पहिल्यांदा ओढलास, तेव्हा पुढे गोळी होती?"

"छे! एकही नव्हती. म्हणजे मंगळवारच्या आधी एकही आवाज..." आणि दाणी थांबले. आपण काय सिद्ध करत निघालो आहोत हे त्यांना वाक्याच्या मध्येच दिसलं होतं.

"अच्छा," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, देवघरात गेल्या आणि एक पितळेची वाटी घेऊन आल्या. वाटी चिंचोक्यांनी भरली होती.

"ह्यांच्या तेराव्यापासून मी रोज एक टाकून राहिले. आवाज झाला की एक. मोज."

दाण्यांनी मोजले. एक्कावन्न होते. पुन्हा मोजले. त्यांतल्या दोन चिंचोक्यांचं त्यांच्याकडे अगदी पक्कं, स्प्रिंगसकट स्पष्टीकरण होतं. ते दोन त्यांनी बाजूला काढले. उरलेल्या एकोणपन्नासांकडे तिघंही पाहत राहिली. काळ्या कागदाच्या तिरिपेत ते तांबूस, गुळगुळीत चिंचोके डोळ्यांसारखे चमकत होते.

"एवढे तुझे," काकू प्रेमानं म्हणाल्या आणि ते दोन दाण्यांच्या हातावर ठेवले. "बाकीचे ह्यांचे."

तीनला पाच कमी होते. दाण्यांना घरी महत्त्वाचं काम होतं. सुनेत्राबाई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी काकूंबरोबर चहा घेऊन येते. त्या साडेतीनला परत आल्या, पदर खोचून तांदूळ निवडायला बसल्या, आणि दाणी काही विचारत नाहीत असं पाहून पंधरा मिनिटांनी स्वतःच, ताटाकडे पाहत म्हणाल्या, "बावन्न झाले."

"नळी तर तू स्वतः रिकामी केलीस."

"केली ना. रिकामीच होती. मी पुन्हा पाहिली."

त्या रात्री दाण्यांनी नवा फॉर्म लिहायला घेतला. आधीच्या दाखल्यात आपण भरलेली रायफल खाली लिहिली, ही चूक त्यांनी स्वच्छ कबूल केली. वीस वर्षांत असं वाक्य त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं आणि ते लिहिताना कान लाल झाले. नंबर लिहिला. नळी स्वच्छ, दस्ता अभंग, दांडा ठीक, सर्व बारा गोळ्या काढून वेगळ्या ठेवल्या, असं ओळीनं लिहिलं. अच्युतरावांनी रायफलीच्या घरात पाऊल न टाकता फाटकापाशी उभं राहूनच सही केली. एकच रकाना कोरा राहिला, आणि शनिवारी कचेरीत बाबूनं नेमकं त्यावर बोट ठेवलं.

"ये 'अन्य दोष' वाला खाना काहे छोड़ दिया? कुछ हो तो लिखिए, अभी थाने भिजवा देते हैं. गाड़ी नीचे खड़ी है."

खिडकीतून गाडी दिसत होती. तिच्यात पाच-सहा जुनी हत्यारं पोत्यात बांधून आडवी टाकलेली होती. दाण्यांनी टाक दौतीत बुडवला. काही संशय असला की लाल पट्टा, हे वीस वर्षं त्यांच्या हाताला माहीत होतं. हात फॉर्मवर अधांतरी राहिला. शाईचा थेंब टोकाशी जमू लागला.

"जल्दी कीजिए दाणीजी. दोष है कि नहीं?"

दाण्यांनी डोळे मिटले. एखाद्या चाकाला ठोकून कान लावावा तसे ते क्षणभर ऐकत राहिले. आवाज होता, यात काही शंकाच नव्हती. बोदा होता का? नाही. चांगला भरीव होता.

त्यांनी लिहिलं, 'नाही.' आणि शाई वाळायच्या आत, बाबूला पुढचं काही विचारायची संधी न देता, ते जिना उतरून गेले.